टार्डिसची खरी पेटी कोणती? आधी तारीख ठरवा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. कॉलेजच्या विज्ञानकथा मंडळासाठी 'डॉक्टर हू' या ब्रिटिश मालिकेतलं कालप्रवासाचं यान टार्डिस, म्हणजे ती निळी पोलीस पेटी, पूर्ण आकारात बांधायची आहे. 1963 पासूनचे ढीगभर फोटो तुम्ही जमवलेत आणि कुठलेही दोन फोटो एकमेकांशी जुळत नाहीत. कुठे दारावर गोल बिल्ला आहे, कुठे नाही. कुठे छपराला पायऱ्या आहेत, कुठे ते जवळजवळ सपाट. निळ्या रंगाचं तर विचारूच नका. शेवटी सगळ्यांची सरासरी काढून ड्रॉइंग केलंत आणि मित्र म्हणतात, ही कुठलीच टार्डिस वाटत नाही. यातलं बरोबर कोणतं आणि इतक्या चुका इतकी वर्षं खपल्या कशा, हे तुम्ही विचारताय.

मी मुंबईत मालिकांच्या कला विभागात काम करतो आणि हौसेने अशा वस्तूंच्या प्रतिकृती बांधतो. माझं मत विचाराल तर मित्रांचं बरोबर आहे. घरातल्या चार पिढ्यांच्या चेहऱ्यांची सरासरी काढली तर आजोबांचा फोटो मिळत नाही. आणि तुमचा खरा प्रश्न 'बरोबर माप कोणतं' हा नाहीच. 'कोणत्या दिवशीची पेटी बांधायची' हा आहे. एकदा तो सुटला की बाकीचे निम्मे वाद आपोआप मिटतात.

आधी 'चुका' हा शब्द बाजूला ठेवू. पडद्यावरची वस्तू बदलते त्याची कारणं निरनिराळी असतात, आणि बांधणाऱ्याला ती वेगवेगळी ओळखता आली पाहिजेत. काही बदल झिजेमुळे होतात, काही दुरुस्तीमुळे. काही वेळा वस्तूच नवी बांधलेली असते. काही वेळा वस्तू तीच असते, पण कॅमेरा, प्रकाश किंवा जुनं फुटेज आपल्याला फसवतं. आणि फार थोड्या वेळा कुणीतरी विचारपूर्वक रूप बदललेलं असतं. फोटो बघून 'इथे वेगळं आहे' एवढंच कळतं. का वेगळं आहे ते कळलं तरच ते तुमच्या प्रतिकृतीत घ्यायचं की सोडायचं हे ठरवता येतं.

मुळात बीबीसीने जी पेटी बांधली ती लंडनच्या रस्त्यावरच्या खऱ्या पोलीस पेटीची नक्कल होती. लंडनच्या मेट्रोपॉलिटन पोलिसांसाठी तो नमुना गिल्बर्ट मॅकेन्झी ट्रेंच यांनी 1929 च्या सुमारास केला. खरी पेटी काँक्रीटची, दारं सागवानी. बाहेरच्या छोट्या झडपेमागे फोन, तो सामान्य माणसानेही वापरायचा. वरचा दिवा लुकलुकला की गस्तीवरच्या शिपायाने ठाण्याशी बोलायचं. 'पुल टु ओपन' ही पाटी त्या झडपेची आहे, दाराची नव्हे. म्हणूनच टार्डिसची दारं आत ढकलली जातात आणि बाहेर 'ओढा' लिहिलेलं असतं. या विसंगतीवर 2011 च्या एका भागात मालिकेनेच विनोद करून घेतला. इंग्लंडमध्ये डर्बीशरमधल्या क्रिच इथल्या ट्राम संग्रहालयात ट्रेंचची खरी पेटी अजून उभी आहे. पण तिची मापं मिळवून बांधलीत तर पोलीस पेटी होईल, टार्डिस नाही होणार. टीव्हीची पेटी पहिल्यापासून खऱ्या पेटीपेक्षा लहान, लाकडी आणि सुटी करून नेता येईल अशी होती. नकलेचीही पुढे नक्कल होत गेली, त्यामुळे 'मूळ' म्हणून मूळ पकडायला गेलात तर हाताला दुसरंच काही लागेल.

आता ती पहिली पेटी बघा. 23 नोव्हेंबर 1963 ला मालिका सुरू झाली तेव्हापासून 1976 पर्यंत तीच पेटी वापरात होती. सेटवर काम केलेल्या माणसाला या वाक्याचा अर्थ लगेच कळतो. ती पेटी किती वेळा खोलली, गाडीत घातली, पावसात उभी केली, परत जोडली, याचा विचार करा. त्या काळात दर आठवड्याला 25 मिनिटांचा एक भाग आणि वर्षातले बहुतेक आठवडे हेच चक्र. आमच्याकडच्या रोजच्या मालिकेत एखादं देव्हाऱ्याचं कपाट दोन-तीन वर्षं टिकलं तरी त्याच्या कडा तुटतात, बिजागऱ्या बदलतात, पेंटर प्रत्येक वेळी 'साधारण तोच' रंग मारतो. चार भिंती सारख्या दिसत असल्या की जोडताना पुढची मागे जाते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. हे निष्काळजीपणामुळे होत नाही. उद्या सकाळी सात वाजता वस्तू उभी असली पाहिजे, यातून ते होतं.

त्या पहिल्या पेटीच्या उजव्या दारावर सुरुवातीला सेंट जॉन अँब्युलन्सचा गोल बिल्ला होता. साठच्या दशकातच तो गेला आणि मग कित्येक वर्षं आलाच नाही. छपराची ठेवण बदलत गेली, पाटीची अक्षरं पुन्हा रंगवली गेली. शेवटी लाकूड इतकं खिळखिळं झालं होतं की एका चित्रीकरणात छप्पर अभिनेत्री एलिझाबेथ स्लेडन यांच्यावर कोसळल्याची हकीकत सांगितली जाते. 1976 मध्ये 'द मास्क ऑफ मँड्रागोरा' या कथेसाठी डिझायनर बॅरी न्यूबेरी यांनी नवी पेटी केली, तिचं छप्पर जवळजवळ सपाट. 1980 ला 'द लेझर हाइव्ह' या कथेपासून फायबरग्लासची पेटी आली आणि छपराच्या पायऱ्या परतल्या. इथे एक फरक लक्षात घ्या. लाकडी पेटी एक असते, ती बदलत जाते. फायबरची मोल्डमधून निघते, म्हणजे दुसरी हवी तर दुसरी ओतता येते. त्यामुळे ऐंशीच्या दशकातल्या फोटोंतला फरक झिजेचा आहे की दोन वेगळ्या नगांचा, हा प्रश्न पडतो. साठच्या दशकात तो फारसा पडत नाही.

1996 च्या टीव्ही चित्रपटासाठी कॅनडात व्हँकुव्हरला वेगळीच पेटी बांधली. 2005 मध्ये कार्डिफला मालिका पुन्हा सुरू झाली तेव्हाची पेटी आकाराने मोठी, खिडक्या मोठ्या, लाकूड मुद्दाम जुनाट दिसेल असं. 2010 ला निळा रंग उजळला, खिडक्यांच्या चौकटी पांढऱ्या झाल्या आणि बिल्ला परत आला. 2018 ला पुन्हा नवी. झडपेवरच्या पाटीचा मजकूर तपासा: जुन्या पाटीवर पोलीस 'अर्जंट कॉल्स'ना धावून येतात, 2005 च्या पाटीवर 'ऑल कॉल्स'ना. तुमच्या ड्रॉइंगमध्ये मला 2010 चा बिल्ला, 1976 चं छप्पर आणि 2005 च्या खिडक्या एकत्र दिसतात. जाणकार बघणाऱ्याला कारण सांगता आलं नाही तरी 'काहीतरी चुकतंय' हे जाणवतं, ते यामुळे.

मग हे सगळं खपलं कसं? यावर माझं मत जरा ठाम आहे. कंटिन्युइटी, म्हणजे आधी दाखवलेलं आणि नंतर दाखवलेलं जुळतं ठेवणं, ही बघणाऱ्यासाठी सांभाळायची असते, आणि 1963 चा बघणारा कोण होता ते बघा. 405 रेषांचं कृष्णधवल चित्र, छोटा पडदा, शनिवारी संध्याकाळी एकदाच दिसणार. घरी रेकॉर्ड करून थांबवून बघायची सोय नव्हती. तेव्हाच्या कंटिन्युइटीची जबाबदारी एका शॉटपासून पुढच्या शॉटपर्यंत: मालिकेचा नायक डॉक्टर, त्याच्या हातात काठी होती तर पुढच्या शॉटमध्येही हवी. मागच्या मोसमातल्या बिल्ल्याशी या मोसमातला बिल्ला ताडून बघणं हे कुणाचं कामच नव्हतं. शिवाय टेप कापून जोडणं महाग आणि किचकट, म्हणून भाग जवळजवळ नाटकासारखा सलग चित्रित होई. लहानसहान गोष्टीसाठी पुन्हा घेणं परवडत नसे. आज आपण स्वच्छ केलेल्या डिजिटल प्रतीवर चित्र थांबवून खिळे मोजतो आणि त्यांना बोल लावतो, हे मला अन्यायाचं वाटतं.

आणि गंमत म्हणजे पेटी पेटीच का राहिली, याचं मूळही पैशातच आहे. टार्डिसने दर ठिकाणी तिथल्या परिसराला साजेसं रूप घ्यावं अशी कल्पना होती. दर गोष्टीला नवं रूप बांधणं बीबीसीला परवडणारं नव्हतं, म्हणून पहिल्याच कथेत यंत्र बिघडलं आणि ती पोलीस पेटीच्या रूपात अडकली. त्यामुळे या मालिकेत बदलांना कथेतलं कारण द्यायची सोय कायमच हाताशी होती. पण कथेतलं कारण आणि कारखान्यातलं कारण यांची गल्लत करू नका. 'टार्डिसने स्वतःला नवं रूप दिलं' हे प्रेक्षकासाठी ठीक आहे. बांधणाऱ्याला छपराचा कोन त्यातून मिळत नाही.

रंगाबद्दल वेगळं सांगतो, कारण तुमच्या फोटोंतला सर्वांत मोठा गोंधळ तिथेच आहे. 1970 च्या जानेवारीपर्यंत मालिका कृष्णधवल होती. त्या काळात रंग निवडताना निळा किती निळा यापेक्षा करडा किती गडद दिसतो याला महत्त्व. याच मालिकेत टार्डिसच्या आतलं पहिलं यंत्रफलक फिकट हिरवं रंगवलं होतं, कारण पांढरं असतं तर कॅमेऱ्यात चमकलं असतं. पडद्यावर ते पांढरंच दिसायचं. रंगीत आल्यावर निराळीच अडचण. पार्श्वभूमी बदलायला निळा पडदा वापरला तर निळी पेटीही चित्रातून गायब होणार, म्हणून पिवळ्या पडद्याकडे वळावं लागलं. त्यात प्रसिद्धीचे फोटो वेगळ्या फिल्मवर, छापील मासिकांची शाई वेगळी, आणि पन्नास वर्षांत उतरलेला रंग वेगळा. म्हणून फोटोवर ड्रॉपर टूल (फोटोतला रंग उचलणारं संगणकावरचं साधन) लावून रंगाचा कोड काढणं हा मला वेळेचा अपव्यय वाटतो. त्याऐवजी फोटोत ओळखीचं काहीतरी शोधा, गवत, विटा, कुणाचा चेहरा, आणि पेटी त्याच्या तुलनेत किती गडद आहे ते बघा. मग प्लायच्या तीन-चार तुकड्यांवर वेगवेगळ्या छटा मारा, जिथे पेटी उभी राहणार तिथल्या दिव्यात ठेवा आणि मोबाइलने फोटो काढा. तुमची पेटी लोक बहुतेक मोबाइलच्या फोटोतच बघणार आहेत, तेव्हा परीक्षा तिथेच घ्या.

जुन्या काळातली पेटी निवडलीत तर आणखी एक अडचण येईल. बीबीसीने टेप पुसून पुन्हा वापरल्या, त्यात साठच्या दशकातले नव्वदच्या वर भाग गेले. त्यातल्या बऱ्याच भागांसाठी आधार उरला तो जॉन क्युरा या छायाचित्रकाराने टीव्हीच्या पडद्यावरून टिपलेल्या छोट्या चित्रांचा. त्यांवरून बिल्ला आहे की नाही हे कळू शकतं, पट्टीची जाडी नाही कळत. पहिल्यांदाच बांधत असाल तर मी हा काळ टाळायला सांगेन.

आता तारीख ठरवण्याच्या मुद्द्याकडे. हा माझा खासगी हट्ट नाही, मोठमोठ्या संग्रहालयांनाही हेच करावं लागतं. सर्वांत चांगलं उदाहरण अमेरिकन मालिका 'स्टार ट्रेक'च्या एंटरप्राइज यानाचं. मॅट जेफरीज यांच्या आराखड्यावरून 1964 मध्ये सुमारे 11 फुटांचं मॉडेल बांधलं गेलं. पहिल्या चाचणी भागाच्या वेळी त्यात दिवेच नव्हते. इंजिनांच्या लांब नळ्यांच्या टोकांना तांबूस टोकदार सुया होत्या, पुढची अँटेनासारखी तबकडी मोठी, वरचा घुमट उंच. दुसऱ्या चाचणीच्या वेळी थोडे दिवे आले. 1966 ला मालिका सुरू झाली तेव्हा सुया गेल्या, तिथे आतून फिरते दिवे असलेले अर्धपारदर्शक घुमट आले, वरचा घुमट बसका झाला, तबकडी लहान झाली. पण यानाचं नवं चित्रीकरण महाग, म्हणून चाचणी भागांतलं जुनं फुटेज मालिकेत पुन्हा पुन्हा वापरलं. परिणाम असा की एकाच भागात एका शॉटमध्ये सुया आणि दुसऱ्यात फिरते दिवे! इथे वस्तू बदलली आहे असं समजून कुणी कथेचा क्रम लावायला गेला तर डोकं धरून बसेल. वस्तूची तारीख आणि शॉटच्या प्रसारणाची तारीख एकच असते असं नाही, हे यातून शिकण्यासारखं आहे.

शिवाय त्या मॉडेलची डावी बाजू पुरती सजवलेलीच नव्हती, दिव्यांच्या तारा तिकडून आत जात. डावी बाजू दाखवायची वेळ आली तर उजव्या बाजूवर उलटी अक्षरं चिकटवून चित्र फिरवायचे. तेव्हा 'दोन्ही बाजू सारख्या असणार' हे गृहीत धरून प्रतिकृती करणाऱ्याने, प्रत्यक्षात कधी नव्हतंच असं काहीतरी बांधलेलं असतं. टार्डिसबाबतही तेच. तिची मागची बाजू कशी होती हे फोटो दाखवतात तेवढंच माना.

1974 मध्ये हे मॉडेल अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेला मिळालं. नंतर त्याची अनेकदा डागडुजी झाली. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला झालेल्या रंगकामावर, विशेषतः ठळक रेषांवर, जाणकारांनी बरीच टीका केली. 2016 मध्ये वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय हवाई व अवकाश संग्रहालयाने नव्याने जतन करून ते मांडलं, तेव्हा त्यांनी सरळ ठरवलं: ऑगस्ट 1967. म्हणजे चित्रीकरणाच्या काळातला शेवटचा ज्ञात बदल झाल्यानंतरची स्थिती. त्यासाठी क्ष-किरण काढले, अतिनील प्रकाशात रंगाचे थर तपासले, आणि यानाच्या मोठ्या बशीसारख्या भागाच्या वरच्या बाजूला मूळ रंग शिल्लक होता तो प्रमाण मानला. त्यांनी पहिली अवस्था निवडली नाही, सर्वांत सुंदरही निवडली नाही. पुराव्याने जिथे उभं राहता येतं ती निवडली. तुम्हीही हाच निकष लावावा असं मला वाटतं.

तुमच्या बाबतीत काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या मला इथून ठरवता येणार नाहीत. पेटी एका दिवसापुरती हॉलमध्ये राहणार की वर्षभर आवारात? लोक आत शिरणार की नुसते शेजारी उभे राहून फोटो काढणार? तुमच्या कॉलेजचं दार किती रुंद, जिना किती वळणाचा? पहिल्या पावसात साधा कमर्शियल प्लाय कडेने फुगतो, तेव्हा बाहेर ठेवायची असेल तर बीडब्ल्यूपी (पाण्याला टिकणारा) प्लाय घ्या आणि कापलेल्या कडा आधी प्रायमरने बंद करा. आतच राहणार असेल तर एवढा खर्च करू नका. चारही भिंती वेगळ्या, कोपऱ्यांचे खांब वेगळे, छप्पर वेगळं, सगळं नट-बोल्टवर. स्क्रूवर जोडलंत तर तिसऱ्या वेळी भोकं सैल होतील. आणि प्रत्येक भागाच्या आतल्या बाजूला क्रमांक आणि बाण रंगवा, नाहीतर तुमचीही मागची भिंत पुढे येईल.

मापं काढताना फोटोतली लांबी मोजू नका, प्रमाण मोजा. समोरून आणि लांबून घेतलेला फोटो निवडा. जवळून घेतलेल्या फोटोत वरचा भाग निमुळता होतो आणि छपराचा उतार खोटा दिसतो. शेजारी उभ्या नटाची उंची कामाला येते. डॉक्टरची भूमिका केलेले टॉम बेकर 6 फूट 3 इंच आहेत, पण त्यांचे केस आणि टोपी धरून मोजू नका, खांद्याची रेषा धरा. खिडकी आणि दाराची पॅनेल यांचं प्रमाण दोन-तीन फोटोंत सारखं आलं तर ते ग्राह्य धरा. एकाच फोटोत वेगळं आलं तर आधी फोटोवर शंका घ्या.

माझं सुचवणं असं: 2010 ची पेटी घ्या. फोटो मुबलक आणि स्पष्ट आहेत, रंग ठळक आहे, बिल्ला आणि पांढऱ्या चौकटींमुळे ती लांबूनही ओळखू येते, आणि तुमच्या वयाच्या प्रेक्षकाला बहुधा तीच ओळखीची असेल. तुमचा जीव जुन्या मालिकेतच अडकला असेल तर 1980 नंतरची फायबरची पेटी, कारण मोल्डमधून निघालेल्या वस्तूच्या कडा एकसारख्या असतात आणि मापं लावणं सोपं जातं. 2005 ची जुनाट लाकडाची पेटी मला स्वतःला सर्वांत आवडते, पण तिचा जुनाटपणा रंगवायला चांगला पेंटर लागतो आणि विद्यार्थ्यांच्या बजेटमध्ये तो मिळणं कठीण.

काहीही निवडा, पण त्या एका वर्षाबाहेरचे सगळे फोटो दुसऱ्या फोल्डरमध्ये टाका आणि काम होईपर्यंत उघडू नका. ठरवलेलं वर्ष, दाराची रुंदी आणि पेटी आत राहणार की बाहेर एवढं कळवलंत तर छपराच्या पायऱ्या कशा कापायच्या ते चित्र काढून दाखवतो. ड्रॉइंगमध्ये तुम्ही छप्पर भिंतींवर थेट ठेवलंय. मध्ये 'पोलीस बॉक्स' लिहिलेल्या पाट्यांच्या पेट्या बसतात आणि त्यांचे दिवे आतून जातात, तेव्हा तारेसाठी जागा आत्ताच सोडा.